थांबलेले कंटेनर आणि ते पुसण्याच्या रीती

डॉकरवर काम सुरू केले की पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात येते, की कंटेनर थांबला तरी तो जात नाही. आतला प्रोग्रॅम आपले काम आटोपतो आणि ‘डॉकर पीएस’च्या यादीतून त्याचे नाव नाहीसे होते. मात्र त्याच कमांडला ‘-ए’ जोडून पाहिले, तर जुन्या चाचण्या, अर्धवट सोडलेले प्रयोग, कधी सुरूच न झालेले कंटेनर, सगळे तिथे हजर असतात. ज्यांना आपण नाव दिले नव्हते, त्यांना डॉकरने एखादे विशेषण आणि एखाद्या शास्त्रज्ञाचे वा संशोधकाचे आडनाव जोडून नाव दिलेले असते. असे शंभर-दीडशे कंटेनर एकेक करून पुसत बसायला कोणाला वेळ नसतो. मग टर्मिनलवरून ते एकगठ्ठा कसे उडवायचे, असा प्रश्न येतो.

उत्तर एका ओळीत देता येते, आणि बहुतेक जण ती ओळ पाठ करून पुढे जातात. पण 2013 साली डॉकर पहिल्यांदा लोकांसमोर आले तेव्हापासून ही ओळ अनेकदा बदलली आहे, आणि प्रत्येक बदलामागे एक मतभेद आहे. पुसण्याची क्रिया सोपीच आहे. अवघड आहे ती निवड: कोणता कंटेनर निरुपयोगी, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? या प्रश्नाला आजवर कोणकोणती उत्तरे मिळाली आणि काय अजून सुटलेले नाही, ते क्रमाने पाहू.

थांबल्यावर मागे काय राहते

साच्यातून मूर्ती काढावी तसा इमेजमधून कंटेनर तयार होतो. इमेजचे थर फक्त वाचायचे असतात. कंटेनर तयार होताना त्यांच्यावर एक पातळ, लिहिता येणारा थर चढतो. प्रोग्रॅमने आत जे काही लिहिले, बदलले, पुसले, त्याची नोंद या थरात होते. प्रोसेस थांबली की मेमरी आणि प्रोसेसर मोकळे होतात, पण हा थर डिस्कवर राहतो. त्याच्यासोबत कंटेनरची सगळी मांडणी, बाहेर पडतानाचा कोड आणि लॉगची फाइल राहते. डॉकरच्या नेहमीच्या पद्धतीत या लॉगला आकाराची मर्यादा आपण घातली तरच असते. म्हणून डिस्क भरण्याचे कारण पुष्कळदा कंटेनरांची संख्या नसून एखाद्या बडबड्या कंटेनरचा लॉग असतो. शिवाय कंटेनरचे नावही अडकून पडते. त्याच नावाने नवा कंटेनर काढायला गेलात तर डॉकर नकार देते.

हे सगळे कचरा वाटते, आणि बऱ्याचदा तो कचराच असतो. पण रात्री दोन वाजता एखादी सेवा बंद पडली तर सकाळी तपासाला हाच ऐवज उपयोगी पडतो. बाहेर पडतानाचा कोड 137 असेल तर प्रोसेसला ‘सिगकिल’ हा जबरीने थांबवणारा सिग्नल मिळाला होता हे कळते. मेमरी संपल्यामुळे कर्नलने तिला मारले का, हे ‘डॉकर इन्स्पेक्ट’ सांगते. शेवटच्या ओळी लॉगमध्ये असतात. कंटेनर पुसला की ही सारी माहिती त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे साफसफाईच्या प्रत्येक पद्धतीला डिस्क मोकळी करणे आणि पुरावा राखणे या दोन्हींचा मेळ कसातरी घालावा लागतो.

जुनी रीत: यादी काढा आणि पुसायला द्या

सुरुवातीची कित्येक वर्षे डॉकरमध्ये सगळे कंटेनर पुसण्याची वेगळी कमांड नव्हती. ‘डॉकर आरएम’ फक्त नावे किंवा ओळखक्रमांक घेत असे. म्हणून लोकांनी शेलचा आधार घेतला. ‘डॉकर पीएस -एक्यू’ ही कमांड चालू आणि बंद अशा सर्व कंटेनरांचे नुसते क्रमांक छापते. ती डॉलरचे चिन्ह आणि कंसात घालून ‘डॉकर आरएम’पुढे ठेवली, की शेल आधी आतली कमांड चालवतो आणि तिने छापलेले क्रमांक बाहेरच्या कमांडच्या हाती देतो. चालू कंटेनर पुसायला ‘आरएम’ नकार देते, पण बाकीचे पुसून मोकळी होते. त्या नकारालाच कवच मानून कित्येकांनी ही ओळ निर्धास्तपणे वापरली.

या पद्धतीमागे युनिक्सची जुनी शिस्त आहे: प्रत्येक कमांडने एकच काम नीट करावे आणि मोठे काम लहान कमांडी जोडून व्हावे. तिचे समर्थक म्हणतात, की यात निवड आणि पुसणे वेगळे राहतात. आधी यादी पाहावी, पटली तर तीच पुसायला द्यावी. यादीला चाळण्याही लावता येतात: फक्त बाहेर पडलेले, फक्त अमुक इमेजमधून निघालेले, अमुक लेबल असलेले, अमुक कोडने संपलेले. मला या युक्तिवादात तथ्य वाटते. डोळ्यांसमोर यादी असण्याला पर्याय नाही, आणि नंतरच्या कमांडींनी नेमकी हीच सोय गमावली.

पण खाचखळगेही इथेच आहेत. यादी रिकामी असेल तर ‘डॉकर आरएम’ला काहीच मिळत नाही आणि ती चूक दाखवून थांबते, स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये एवढ्याने पुढचे सगळे काम अडते. त्यावर तोडगा म्हणून ‘एक्सआर्ग्ज’ वापरावे, तर लिनक्सवरचे जीएनयूचे ‘एक्सआर्ग्ज’ रिकाम्या यादीवरही कमांड एकदा चालवतेच. ते टाळायला ‘-आर’ लागते. बीएसडी घराण्यात मात्र रिकाम्या यादीवर ते आपणहून गप्प बसते. त्यामुळे एका यंत्रावर तपासलेली ओळ दुसरीकडे वेगळी वागते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तर डॉलर-कंसाची ही युक्ती चालतच नाही, तिथे फेरा (लूप) लिहावा लागतो.

नावाच्या चाळणीचा धोका याहून मोठा आहे. ‘नेम’ या फिल्टरला ‘वेब’ दिले, तर ‘वेब’ नावाचा एकच कंटेनर मिळत नाही. ज्यांच्या नावात कुठेही ‘वेब’ आहे ते सगळे यादीत येतात. वेबमेल येतो, वेबहुक येतो, जुना-वेबही येतो. ओळीच्या आरंभाची आणि शेवटाची खूण घातली तरच नेमके नाव जुळते. यादी न पाहता ती थेट पुसायला दिली, तर ही चूक पुसून झाल्यावरच कळते.

सौम्य थांबणे आणि जबरदस्ती

चालू कंटेनरही गटाने काढायचे असतील तर दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे आधी ‘डॉकर स्टॉप’, मग ‘आरएम’. ‘स्टॉप’ मुख्य प्रोसेसला साधारणपणे ‘सिगटर्म’ पाठवते, ठरलेला वेळ म्हणजे नेहमी 10 सेकंद थांबते, आणि तरीही प्रोसेस चालू असेल तर ‘सिगकिल’ देते. दुसरी वाट म्हणजे ‘आरएम -एफ’. ती थेट ‘सिगकिल’ देते. डेटाबेसला चालू व्यवहार पूर्ण करायला, फाइल बंद करायला, सोबतच्यांना ‘मी निघालो’ असे कळवायला संधी मिळत नाही.

असे असूनही अनेक स्क्रिप्टमध्ये ‘-एफ’ दिसतो, आणि त्याला आळस हे एकच कारण नाही. कंटेनरमधली पहिली प्रोसेस पहिल्या क्रमांकाची असते आणि लिनक्स तिला वेगळी वागणूक देतो: तिने ‘सिगटर्म’ हाताळण्याची तजवीज केली नसेल तर तो सिग्नल वाया जातो. डॉकरफाइलमध्ये कमांड शेलमार्फत चालवली असेल तर सिग्नल शेलपाशीच अडू शकतो. अशा कंटेनरला ‘स्टॉप’ दिले की दर वेळी पूर्ण 10 सेकंद जातात आणि शेवटी ‘सिगकिल’च मिळतो. ‘तेच होणार असेल तर आधीच का नको’ असे लोक म्हणतात. डॉकर 1.13 मध्ये आलेला ‘इनिट’ हा पर्याय आत एक छोटी प्रोसेस बसवून सिग्नल पुढे पोचवतो, आणि मुळावर उपाय तोच. पण ‘-एफ’ची सवय त्याच्या आधीची आहे आणि ती अजून गेलेली नाही.

रेड हॅटने पुढे आणलेल्या पॉडमन या डॉकरसारख्याच साधनात ‘आरएम’ला ‘-एफ’ लावूनही किती सेकंद वाट पाहायची हे सांगता येते. अक्षर तेच, पण वागणूक वेगळी. दोन्ही साधने आलटून पालटून वापरणाऱ्याने हा फरक जाणून घ्यावा.

प्रून: साधनानेच निवड करावी

शेलच्या या जुळवाजुळवीला कंटाळून मधल्या काळात बाहेरची साधने निघाली. स्पॉटिफायने खुले केलेले ‘डॉकर-जीसी’ त्यांतले सर्वपरिचित. थांबून एक तास उलटलेले कंटेनर ते पुसत असे, आणि कोणते वगळायचे याची यादी फाइलमध्ये ठेवता येत असे. तासाची ही सवलत विचारपूर्वक दिलेली होती. नुकत्याच कोसळलेल्या कंटेनरचा तपास करायला तेवढी उसंत मिळत असे.

जानेवारी 2017 मध्ये आलेल्या डॉकर 1.13 ने हे काम आपल्या अंगावर घेतले. कमांडी विषयवार लावल्या गेल्या आणि ‘डॉकर कंटेनर प्रून’ व ‘डॉकर सिस्टिम प्रून’ मिळाल्या. पहिली सगळे न चालणारे कंटेनर पुसते. दुसरी त्यांच्याबरोबर न वापरलेली नेटवर्क, बेवारस इमेजेस आणि आता बिल्डचा साठाही काढते. रिकाम्या यादीची अडचण गेली, ‘एक्सआर्ग्ज’चा घोळ गेला, विंडोज आणि लिनक्सवर एकच ओळ चालू लागली. नवख्यांसाठी ही मोठी सोय होती, आणि ज्यांनी ती केली त्यांचे मोल मान्य करायला हवे. काही महिन्यांत वेळेची आणि लेबलची चाळणीही प्रूनला जोडली गेली.

मग वाद कशावरून राहिला? पहिला मुद्दा व्याप्तीचा आहे. ‘न चालणारा’ या वर्णनात कधीही सुरू न केलेला कंटेनरही बसतो. जुन्या रीतीत ‘बाहेर पडलेले’ अशी चाळणी लावली तर असे कंटेनर वाचत. प्रून त्यांनाही घेते. हा भेद सूक्ष्म वाटेल, पण नोव्हेंबर 2015 मधल्या डॉकर 1.9 पर्यंत व्हॉल्यूमसाठी, म्हणजे कंटेनरच्या थराबाहेर डेटा ठेवण्याच्या जागेसाठी, स्वतंत्र कमांडच नव्हती. डेटा धरून ठेवायला लोक केवळ त्यासाठी एक कंटेनर तयार करत. तो कधी चालवायचा नसे, आणि बाकीचे कंटेनर त्याच्याकडून व्हॉल्यूम उसने घेत. त्या काळात रचलेल्या व्यवस्थांच्या दृष्टीने न चालणारा कंटेनर हाच सर्वांत मोलाचा होता.

दुसरा मुद्दा व्हॉल्यूमचाच, आणि डॉकरला आपली भूमिका इथे दोनदा बदलावी लागली. आरंभी ‘सिस्टिम प्रून’ वापरात नसलेले व्हॉल्यूमही पुसत असे. डेटाबेसचा कंटेनर थांबलेला असेल तर प्रून आधी तो पुसणार. मग त्याचा व्हॉल्यूम कोणाच्याच वापरात नाही म्हणून तोही जाणार. एका ओळीत डेटा संपला. 17.06.1 या आवृत्तीपासून व्हॉल्यूम मुद्दाम मागितल्याशिवाय पुसले जात नाहीत. पुढे 23.0 मध्ये ‘व्हॉल्यूम प्रून’ही आवरती घेतली गेली: आता ती नाव नसलेलेच व्हॉल्यूम काढते, नाव दिलेल्यांसाठी ‘ऑल’ लिहावे लागते. यामागचे तर्कशास्त्र मला बिनतोड वाटते. माणसाने ज्याला नाव दिले ते त्याला हवे असण्याचा संभव अधिक. कंटेनरांना मात्र हा न्याय अजून लागू झालेला नाही. नाव दिलेला आणि न दिलेला, प्रूनला दोन्ही सारखेच.

साठू न देण्याची भूमिका

तिसरा विचार असा, की पुसण्याची वेळ येऊच नये. एकदा चालवायच्या कामासाठी ‘डॉकर रन’ला ‘--आरएम’ लावले की काम संपताच कंटेनर आणि त्याचे बिननावाचे व्हॉल्यूम जातात. 1.13 पूर्वी हे पुसण्याचे काम टर्मिनलकडचा प्रोग्रॅम करत असे, त्यामुळे जोडणी तुटली तर कंटेनर मागे राहायचा. नंतर ते डीमनकडे, म्हणजे मागे अखंड चालणाऱ्या डॉकरच्या मुख्य प्रोग्रॅमकडे, गेले आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या कंटेनरांनाही ही सोय मिळाली. आक्षेप उघड आहे. काम फसले तरी कंटेनर जातो आणि त्याच्याबरोबर लॉगही. लॉग बाहेर साठवण्याची सोय असलेल्यांना याचे काही वाटत नाही. नसलेल्यांना पुरावाच उरत नाही.

अनेक कंटेनर एका फाइलवरून चालवणाऱ्या डॉकरच्या कंपोज या साधनाने गटाची व्याख्याच बदलली. कोणते कंटेनर एकत्र आहेत हे फाइलमध्ये लिहिलेले असते, प्रत्येकावर प्रकल्पाचे लेबल लागते, आणि ‘डाऊन’ म्हटले की त्या प्रकल्पाचे कंटेनर व नेटवर्क काढले जातात. नाव दिलेले व्हॉल्यूम ‘-व्ही’ लावल्याशिवाय शाबूत राहतात. गटाने पुसण्याच्या सगळ्या पद्धतींत मला ही सर्वांत समजूतदार वाटते, कारण काय एकत्र आहे ते आधीच, शांतपणे ठरलेले असते. पण तिलाही एक चोरवाट आहे. प्रकल्पाचे नाव वेगळे दिले नाही तर ते फोल्डरच्या नावावरून ठरते. एकाच सर्व्हरवर दोघांच्या घरात ‘अ‍ॅप’ नावाचे फोल्डर असेल, तर कंपोजच्या लेखी तो एकच प्रकल्प. फाइलमध्ये नसलेले कंटेनर काढणारा ‘रिमूव्ह-ऑर्फन्स’ हा पर्याय अशा वेळी शेजाऱ्याचे चालू कंटेनरही उचलू शकतो. प्रकल्पाला स्पष्ट नाव द्यावे, हा सल्ला म्हणून गांभीर्याने घ्यावा.

अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तर कंटेनर हाताने पुसणेच गैर ठरते. ठरलेल्या संख्येने पॉड, म्हणजे कंटेनरांचे गट, चालू ठेवणाऱ्या रेप्लिकासेटने उभा केलेला पॉड पुसला तर त्याच्या जागी नवा उभा राहतो. काढायचे असेल तर वरचे डिप्लॉयमेंट काढावे; मालकीची नोंद पाहून खालचे सगळे आपोआप जाते. प्रत्येक नोडवरचे क्युबलेट दर मिनिटाला थांबलेले कंटेनर साफ करते, आणि त्याच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक कंटेनरचा एक मृत अवतार राखून ठेवते. म्हणूनच कोसळलेल्या कंटेनरचा मागचा लॉग ‘प्रीव्हियस’ लावून वाचता येतो. सगळे ठेवायचे नाही आणि सगळे फेकायचेही नाही, शेवटचा एक ठेवायचा, असा हा मधला मार्ग आहे, आणि साध्या डॉकरमध्ये त्याला जोड नाही. बाहेरच्या साफसफाईच्या साधनांनी क्युबलेटच्या कामात ढवळाढवळ करू नये, असेही कुबरनेटीसची कागदपत्रे सांगतात.

पॉडमनने उलट दिशेने पाऊल टाकले. त्याच्या ‘आरएम’ला ‘--ऑल’ आहे आणि फिल्टरही आहे; म्हणजे यादी काढून देण्याची गरजच नाही. ज्यांना डॉकरमध्ये हे हवे होते त्यांना तिथे ते मिळाले. ज्यांना इतका सोपा विध्वंस नको होता, त्यांची चिंताही खोटी नाही.

काय सुटलेले नाही

पहिला खुला प्रश्न वेळेचा. प्रूनला ‘अनटिल=24एच’ दिले तर अनेकांना वाटते, की थांबून चोवीस तास झालेले कंटेनर जातील. प्रत्यक्षात मोजणी कंटेनर तयार झाल्यापासून होते. वर्षापूर्वी तयार केलेला आणि देखभालीसाठी पाच मिनिटांपूर्वी थांबवलेला कंटेनर या चाळणीत अडकतो. काल संध्याकाळी तयार होऊन लगेच कोसळलेला मात्र वाचतो. थांबण्याची वेळ डॉकरकडे नोंदलेली असते, ‘डॉकर-जीसी’ त्यावरच चालत असे. तरी प्रूनला ती विचारता येत नाही.

दुसरा प्रश्न रंगीत तालमीचा. ‘काय पुसले जाईल ते फक्त दाखव’ असे प्रूनला सांगण्याची सोय नाही, मागणी जुनी असूनही. ती खात्री करून घ्यायला प्रश्न विचारते, पण त्या प्रश्नात कंटेनरांची नावे नसतात. छापले जातात ते फक्त पुसलेल्यांचे क्रमांक, तेही नंतर. कुबरनेटीसच्या ‘डिलीट’ला अशी तालीम आहे, कंपोजलाही आहे. प्रूनच्या बाजूने म्हटले जाते, की पाहणे आणि पुसणे यांच्या मध्ये स्थिती बदलू शकते, म्हणून दाखवलेली यादी हमी देत नाही. ते खरे आहे. पण अपुरी यादीही काहीच नसण्यापेक्षा बरी, आणि जुन्या रीतीला अजून चिकटून असलेल्या अनेक अनुभवी प्रशासकांचे कारणही हेच आहे. ते आधी ‘पीएस’ला चाळण्या लावून यादी वाचतात, मगच पुसतात.

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. डॉकरच्या गटात असलेला कोणीही वापरकर्ता कोणाचाही कंटेनर पुसू शकतो; कंटेनर कोणी तयार केला याची नोंद डीमन ठेवत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा छोट्या कंपनीत एकाच सर्व्हरवर दहा जण काम करत असतील, तर एकाच्या सफाईत दुसऱ्याचे प्रयोग जाऊ शकतात. रूटशिवाय चालणाऱ्या पॉडमनमध्ये प्रत्येकाचे कंटेनर त्याच्याच घरात राहतात, त्यामुळे हा धोका कमी होतो. रूटशिवाय डॉकर चालवण्याची सोयही आहे, पण सामायिक सर्व्हरवर अजून एकच डीमन सगळ्यांसाठी चालवण्याची सवय रूढ आहे.

यावर आज हाताशी असलेला उपाय लेबलचा. कंटेनर तयार करतानाच कोणाचा, कशासाठी, कधीपर्यंत हवा हे लेबलवर लिहायचे आणि प्रूनला ‘हे लेबल नसलेलेच पूस’ असे सांगायचे. असा नकारार्थी फिल्टर प्रूनमध्ये आहे. अडचण एवढीच, की ‘हा ठेवा’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत ठेवा’ असे सांगणारे सर्वमान्य लेबल ठरलेले नाही. इमेजेसची माहिती लिहिण्यासाठी खुल्या मानकात ठरावीक शब्द आहेत; कंटेनरच्या आयुष्यासाठी तसे काही झालेले नाही. म्हणून प्रत्येक चमू आपापले लेबल ठरवतो, आणि दुसऱ्या चमूची स्क्रिप्ट ते ओळखत नाही.